बोडक्या फळांचा नमुना

वनस्पतिसंग्रहालयात वाळवलेले नमुने ओळखून त्यांच्यावर नावाच्या चिठ्ठ्या लावणे हे माझे काम. कास पठाराच्या कडेच्या उतारावरून वनखात्याच्या परवानगीने आणलेल्या एका रोपावर मी सहदेवीच्या गोतातले, म्हणजे व्हर्नोनिया या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) नाव लिहून मोकळा झालो होतो. उभे, खरखरीत रोप, बिनदेठाची दातेरी पाने आणि शेंड्याला जांभळे स्तबक, म्हणजे बारीक फुलांचे दाट गेंद. दुसरी शंका आलीच नाही.

नमुना कागदावर टाके घालून पक्का करताना एक पिकलेला स्तबक फुटला आणि त्यातली बारीक फळे कागदावर सांडली. वर पंखा फिरत होता, तरी ती जिथल्या तिथे पडून राहिली, हे मला खटकले. सहदेवीच्या फळाला पांढऱ्या केसांचा झुपका, म्हणजे पिच्छसंदल, असतो. एवढ्या वाऱ्यावर ती टेबलभर उडाली असती. भिंगाखाली धरली, तर माथा बोडका.

तरीही लगेच नाव बदलणे घाईचे झाले असते, कारण याच गोतातल्या काही प्रजातींचे केस मोजके असतात आणि फळ पिकेपर्यंत गळूनही जातात. जांभळ्या फुलांचे फायलोसेफॅलम त्यांतलेच. मात्र त्याच्या स्तबकाखाली पानांसारखी मोठी छदे (फुलांखालची पाने) असतात, ती इथे नव्हती. खात्री करायची तर न उमललेल्या कळीतच पाहायला हवे होते. गरम पाण्यात कळ्या मऊ करून, दोन सुयांनी स्तबकातले एकेक पुष्पक (बारीक फूल) सोडवून, पाकळ्यांच्या नळीच्या बुडाशी किंजपुटाचा, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते त्या भागाचा, माथा मी तपासला. पाच कळ्या उकलल्या. एकीतही केस नव्हता.

हे अ‍ॅडिनून इंडिकम होते. पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झालेल्या निकोल डालझेलने १८५० मध्ये ही प्रजाती वर्णिली. पश्चिम घाटातल्या या प्रजातीत आजही ही एकच जाती आहे, आणि नेमकी तीच मी व्हर्नोनियात ढकलली होती!

संग्रहालयात जुनी चिठ्ठी काढून टाकायची नसते. त्यामुळे माझे चुकलेले नाव तसेच दिसत ठेवून त्याच्या वरच्या बाजूला मी दुरुस्तीची चिठ्ठी तारखेसह चिकटवली, आणि सांडलेली फळे कागदी पाकिटात भरून ते नमुन्याच्या कोपऱ्यात लावले.