पीएम_टेस्ट पास, पहिला कोअर नापास

पीएम_टेस्ट म्हणजे मशीन झोपून उठण्याची लिनक्समधली अंगभूत चाचणी. कुणी ‘आमच्याकडे पीएम_टेस्ट पास आहे’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात इंटेलच्या चार-कोअर छोट्या मशिनी आहेत. चालू केल्यावर व्यवस्थित, पण एकदा झोपून उठल्या की पंखा जोरात आणि कोअरचे वेग दाखवणाऱ्या टर्बोस्टॅटमध्ये एकटा सीपीयू ०, म्हणजे पहिला कोअर, वेगळा पळताना दिसे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मशीनवाल्यांनी फेरफार करून दिलेला. प्रोसेसरची आतली रजिस्टरं उघडी करणारं एमएसआर मॉड्यूल लोड करून ‘आरडीएमएसआर -ए’ने हेक्स १बी० हे वेग की वीजबचत ते सांगणारं रजिस्टर चारही कोअरवर वाचलं. झोपेआधी ६, ६, ६, ६. उठल्यावर ०, ६, ६, ६. इथे ० म्हणजे पूर्ण जोर, १५ म्हणजे पूर्ण काटकसर आणि ६ मधलं.

हे दाखवूनही मशीनवाल्यांचं पालुपद तेच: पीएम_टेस्ट पाचही पायऱ्यांवर पास! होणारच की. ‘कोअर’ या शेवटच्या पायरीवरसुद्धा कर्नल पाच सेकंद थांबून माघारी फिरतो, ताबा फर्मवेअरकडे, म्हणजे मशीनच्या अंगभूत प्रोग्रामकडे, जातच नाही. प्रोसेसरची वीज गेली नाही, तर रजिस्टर पुसलं कसं जाणार? झोपेचा प्रकार ठरवणाऱ्या मेम_स्लीप फाइलमध्ये ‘एसटूआयडल’ ही हलकी झोप निवडलेली असली तरी हीच फसवणूक. निवड दाखवणारा चौकटी कंस ‘डीप’ या गाढ झोपेभोवती हवा, आणि मग झोपवून वीस सेकंदांनी उठवणारी ‘आरटीसीवेक -एम मेम -एस २०’ ही आज्ञा. त्यानंतर दोष दर वेळी हमखास दिसतो.

कारण साधं आहे. डीप झोपेआधी कर्नल बाकीचे कोअर ऑफलाइन करतो आणि उठल्यावर हॉटप्लगच्या, म्हणजे चालू मशीनमध्ये कोअर काढण्या-जोडण्याच्या, वाटेने परत आणतो. त्यांच्यासाठी ‘ऑनलाइन’ कॉलबॅक, म्हणजे त्या वेळी कर्नल आपणहून बोलावतो ते फंक्शन, चालतो, रजिस्टर पुन्हा लिहिलं जातं. सीपीयू ० मात्र या वाटेला जातच नाही. मशीनवाल्यांच्या मॉड्यूलमध्ये फक्त हॉटप्लगचा कॉलबॅक होता. मूळ लिनक्समध्ये ५.२ पासून इंटेल_ईपीबी.सी ही फाइल दोन्ही वाटा सांभाळते, यांनी तीच काढून टाकलेली! कशासाठी, देव जाणे.

दुरुस्ती: सिसकोअर ऑप्स, म्हणजे झोपताना अगदी शेवटी आणि उठताना अगदी आधी चालणारी फंक्शनं, नोंदवा, सस्पेंडमध्ये किंमत जपून ठेवा, रिझ्यूममध्ये परत लिहा. तिथे इंटरप्ट बंद असतात आणि एकच कोअर जागा असतो, म्हणून वाट पाहायला लावणारं म्यूटेक्स कुलूप नको, थांबून राहू शकेल असं मेमरी वाटप नको, सगळ्या कोअरवर काम धाडणारं ‘ऑन_ईच_सीपीयू’ तर नकोच. रिझ्यूममध्ये सरळ ६ लिहायचा मोह टाळा, वापरणाऱ्याने ८ ठेवलं असेल तर ८च परत यायला हवं.

हो, सिक्युअर बूटमुळे लॉकडाउन, म्हणजे चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ रोखणारं बंधन, लागला असेल तर हाताने रजिस्टर लिहिता येत नाही, ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. वाचता मात्र येतं. आणि प्रोसेसर नवा, आपला वेग स्वतःच ठरवणारा एचडब्ल्यूपी-ईपीपीवाला असेल, तर १बी० सोडून हेक्स ७७४ हे रजिस्टर तपासा.

पॅच घातल्यावर सीपीयू ० ला ८ देऊन झोपवलं. उठल्यावर ८, ६, ६, ६. मशीनवाल्यांना हाच आकडा पाठवला, पीएम_टेस्टचा उल्लेख न करता.