जानेवारीतला चौथा दिवस

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला पाच दिवसांची. कथाकथनाला हॉल पुरत नाही, हृदयविकारावर डॉक्टर बोलणार असले की लोक जिन्यात उभे राहतात, आणि चौथ्या दिवशी, म्हणजे परदेशावरच्या व्याख्यानाला, मागच्या रांगा रिकाम्या असतात. कार्यवाह म्हणून मला याचे दरवर्षी वाईट वाटते. एक महाविद्यालय तर दर डिसेंबरला ‘पन्नास मुले पाठवतो’ म्हणते आणि एकही पाठवत नाही. या मालेतले जे माझ्या मनात कायमचे राहिले, ते बहुतेक त्या चौथ्या दिवशीच ऐकलेले आहे, म्हणून हे लिहितो.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ हे सगळे होतेच. ते सोडून देतो.

मुस्लिम बहुसंख्य देशांत लोकशाही टिकते का, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा आला तो 2011 च्या जानेवारीत. आमची माला चालू असतानाच ट्युनिशियाचा हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात पेपर वाचणारे सगळे त्यावरच बोलत होते. आमचा गाव कोकणातला. बाजारपेठेच्या पलीकडे मोहल्ला आहे, तिथल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी आखातात नोकरीला. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी दूरचा नव्हता. तेव्हाच ठरले की दरवर्षी एक संध्याकाळ एका देशाला द्यायची. ‘त्यांच्या देशांची चर्चा आपल्याला कशाला’ म्हणून एका देणगीदारांनी पुढे हात आखडता घेतला. तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विषय बदलला नाही. याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

प्राध्यापकांची भाषणे चांगलीच झाली. 2016 साली ट्युनिशियावर जे व्याख्यान झाले त्याच्या टिपणाची वही आजही माझ्याकडे आहे. 2011 च्या ऑक्टोबरात झालेल्या निवडणुकीत एन्नाहदा या इस्लामी पक्षाला 217 पैकी 89 जागा, म्हणजे सर्वांत जास्त. पण बहुमत नाही. पुढे 2013 मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, देश यादवीच्या काठावर आला. त्या वेळी मध्यस्थी केली ती कामगार संघटनेने, उद्योजकांच्या संघटनेने, वकिलांच्या संघटनेने आणि मानवी हक्क लीगने. एन्नाहदाने सत्ता सोडली, 2014 च्या जानेवारीत घटना 200 विरुद्ध 12 मतांनी मंजूर झाली, आणि त्या चार संस्थांना 2015 चे शांततेचे नोबेल मिळाले. सभागृहात टाळ्या पडल्या. मला त्या दिवशी जे सुचले त्यावर माझा विश्वास अजून आहे: ज्या समाजात माणसांना सभा बोलवायची, इतिवृत्त लिहायचे, पदाधिकारी निवडायचे आणि हरल्यावरही वर्गणी भरत राहायचे वळण आहे, तिथे लोकशाहीला आधार मिळतो. धर्म कुठला हे त्यानंतर येते. ट्युनिशियाची ती कामगार संघटना 1946 पासूनची आहे. आमच्यासारखेच ते एक मंडळ, फक्त फार मोठे.

पण मला हलवून सोडते ते वेगळ्या प्रकारचे बोलणे. जो माणूस तिथे राहिला, रेशनच्या दुकानात उभा राहिला, शेजाऱ्याच्या लग्नात जेवला, तो माइकसमोर अडखळत बोलू लागला की मी मंडळाचे हिशेब विसरतो.

2020 साली आमच्याच गावचे एक इंजिनियर बोलले. इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी 1998 चा मे पाहिला: जकार्तात दंगल, चिनी वंशाच्या लोकांची दुकाने जळालेली, हजारावर माणसे मेलेली, विद्यार्थी संसदेच्या छपरावर चढलेले, आणि 21 मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो टीव्हीवर राजीनामा वाचताना. एवढ्यावर देश फुटेल असे कारखान्यातले सगळे समजून चालले होते. वर्षभराने, 1999 च्या जूनमध्ये, 48 पक्ष निवडणुकीला उभे होते.

नंतर त्यांनी 2019 च्या मतदानाबद्दल सांगितले, आणि ते मी कधी विसरणार नाही. एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षापासून जिल्ह्यापर्यंतची मते. मतदाराच्या हातात पाच मोठमोठ्या पत्रिका. शिक्का नाही, खिळ्याने भोक पाडायचे आणि बोट शाईत बुडवायचे. संध्याकाळी त्याच मांडवात मोजणी: एकेक पत्रिका उजेडाकडे धरायची, भोक गल्लीतल्या सगळ्यांना दाखवायचे, ‘साह!’ म्हणजे ‘वैध!’ असे ओरडायचे, आणि भिंतीवरच्या कागदावर रेघ मारायची. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या. त्या वर्षी मोजणी रात्रभर आणि दुसऱ्या दिवसावर गेली, आणि देशभरात शेकडो निवडणूक कर्मचारी थकव्याने आणि आजाराने गेले. साहेबांच्या कारखान्यातल्या एका फिटरचा भाऊ त्यांत होता. हे सांगताना त्यांना पुढे बोलवेना. मलाही सूत्रसंचालनाला उठवेना.

त्यांनी वाईट बाजूही लपवली नाही. चिनी वंशाचा ख्रिस्ती गव्हर्नर आहोक 2017 ला जकार्तात हरला आणि धर्मनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांसाठी तुरुंगात गेला. आचे प्रांतात फटक्यांची शिक्षा आहे. तरी 2002 साली घटनेत शरियत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा नहदलातुल उलमा आणि मुहम्मदिया या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांनीच त्याला विरोध केला आणि तो पडला. मुहम्मदिया 1912 ची, दुसरी 1926 ची. शाळा, दवाखाने, अनाथालये चालवता चालवता कोट्यवधी सभासद झालेल्या संस्था. मला पुन्हा माझा मुद्दा दिसला.

2022 चा चौथा दिवस कडवट झाला. राष्ट्राध्यक्ष कैस सईदने 25 जुलै 2021 ला ट्युनिशियाची संसद गोठवली होती. प्रश्नोत्तरांत एक तरुण म्हणाला, “सर, झाले ना? एकच देश होता, तोही गेला.” व्यासपीठावरून उत्तर येण्याआधी मोहल्ल्यातल्या शाळेतले निवृत्त मास्तर उठले. ते म्हणाले, “संसद बंद करणारा माणूस घटना शिकवणारा प्राध्यापक होता, बेटा. मौलवी नव्हता. बेकारी होती, करोना होता, आमदार भांडत होते. हे कुठेही होते.” मग त्यांच्या नेहमीप्रमाणे ते हमीद दलवाईंवर आले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस, 1966 च्या एप्रिलमध्ये तलाकविरोधात सात बायकांचा मोर्चा मुंबईत नेतो आणि 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढतो. “सात बायका,” मास्तर दोनदा म्हणाले, आणि बसले. मला वाटते त्या संध्याकाळचे व्याख्यान तेच.

गेल्या वर्षी सेनेगलवर बोलायला मुंबईहून बाई आल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक मुस्लिम देश, पहिला राष्ट्राध्यक्ष सेंघोर कॅथलिक, आणि वीस वर्षांनी आपण होऊन पायउतार. 2024 ला राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली, घटना परिषदेने ते रद्द केले, आणि निवडणुकीच्या दहा दिवस आधी तुरुंगातून सुटलेला विरोधी उमेदवार फाये पहिल्याच फेरीत निवडून आला. बाई छान बोलल्या. त्यानंतर कुवेतला ड्रायव्हर असलेले चाचा उभे राहिले. मालकाच्या दिवाणियात, म्हणजे संध्याकाळच्या बैठकीत, चहा देताना त्यांनी उमेदवार येताना पाहिले, मंत्र्यांना झाडणारे खासदार पाहिले, 2009 ला चार बायका निवडून आल्या तेव्हाची मालकिणीची मिठाई खाल्ली. 2024 च्या मेमध्ये अमीराने ती संसदही बंद केली. “मी तिथे परका, मला मत नव्हते,” चाचा म्हणाले, “पण वाईट वाटले. सवय झाली होती त्या आवाजाची.” हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसे होती. तीनशे असायला हवी होती.

आता ज्यांच्याशिवाय हे झाले नसते ते. फळ्यावर दरवर्षी देशाचा नकाशा काढणारे चित्रकलेचे सर. इंडोनेशियाची बेटे काढायला त्यांनी दोन दुपारी घातल्या. मंडपवाले अण्णा, ज्यांनी रिकाम्या खुर्च्यांचेही भाडे कधी वाढवले नाही. साउंडवाला आणि त्याचा भाचा. चहाच्या मावशी आणि मोहल्ल्यातून नानकटाई पाठवणाऱ्या आपा. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारे रिक्षावाले दादा. बॅनरची प्रुफे तपासणाऱ्या ग्रंथपाल ताई. वीज गेली तेव्हा शेजारून वायर ओढून देणारे मेडिकलवाले. हॉल झाडणाऱ्या दोघी बहिणी. आणि हॉलची किल्ली सांभाळणारे नाना, ते आता नाहीत. कोणी राहिले असेल तर मला जरूर सांगावे, पुढच्या अहवालात घेईन.

यंदा पुन्हा इंडोनेशिया. 2025 च्या मार्चमध्ये तिथे लष्करी अधिकाऱ्यांना जास्त मुलकी पदे खुली झाली, ऑगस्टमध्ये खासदारांच्या घरभत्त्यावरून शहरे पेटली. इंजिनियर साहेब पुन्हा बोलायला तयार झाले आहेत, आणि मास्तरांना मी अध्यक्षपद घ्यायला लावले आहे. दुकाने बंद करून येणाऱ्यांसाठी चौथ्या दिवसाची वेळ सहाऐवजी साडेसात केली आहे.