डॅशबोर्ड ते टेललाइट: जुन्या ट्रकची वायरिंग बदलताना लागणारा घाट

हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या तयार जुडग्याच्या, खोक्यावर ‘थेट बसतो’ असं छापलेलं असतं. बसतो, पण कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात न लावलेल्या ट्रकला. जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आलेला असतो, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदललेला असतो, हेडलाइटला कुणीतरी परस्पर वायर ओढलेली असते. त्यामुळे मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. चेसिस नंबर, 12 की 24 व्होल्ट, चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाहेर की अल्टरनेटरच्या आत, अँपिअरमीटर आहे का, मागचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर आहेत की वेगवेगळ्या, हे सगळं गाडीखाली शिरून बघायचं आणि मगच ऑर्डर द्यायची. शेवटचं चुकलं की ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटर लुकलुकायचा थांबतो आणि बिचारा फ्लॅशर बदलला जातो.

कुठल्याही गाडीला चालणाऱ्या युनिव्हर्सल किटमध्ये सर्किटच्या संख्येवर पैसे उकळतात. साध्या जुन्या ट्रकला दहा-बारा सर्किट पुरतात. एकवीसवालं घेतलं तर उरलेल्या वायरी डॅशबोर्डखाली कोंबायच्या. माल हातात आल्याबरोबर एक टोक सोला आणि दोन-चार तारा ब्लेडने खरवडा. आतून लाल असेल तर तांबं. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, सरळ परत करा. केबिनमध्ये साधं पीव्हीसी चालतं. इंजिनच्या बाजूला 125 अंश सोसणारं क्रॉसलिंक्ड इन्सुलेशनच (वायरीचं उष्णतेत न वितळणारं आवरण) हवं.

डॅशबोर्डचा टप्पा सोपा. सोडण्याआधी फोटो काढा, झालं.

खरा घाट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर. जुन्या गाड्यांत इंजिनकडे जाणारा बहुतेक करंट तिथल्या एका प्लास्टिकच्या ब्लॉकमधून, चपट्या पिनांवरून जातो. चार्जिंगची जाड वायरही त्यातूनच. पिन सैल किंवा हिरवी पडून तिथे 0.05 ओहम जरी रोध आला, तरी 30 अँपिअरला दीड व्होल्ट गळतो आणि 45 वॉट उष्णता त्या बोटभर प्लास्टिकमध्ये कोंडते. ब्लॉक वितळतो तो यामुळे, आणि नवा हार्नेस त्याच ब्लॉकला जोडणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. चार्जिंगची वायर तिथून काढाच. अल्टरनेटरपासून ती थेट बॅटरीला न्या, तिथून केबिनसाठी वेगळी जाड वायर घ्या आणि तिला बॅटरीजवळच फ्यूज लावा. अँपिअरमीटर मग चार्जिंग दाखवणार नाही. त्या जागी व्होल्टमीटर बसवा. 30 अँपिअरच्या मीटरमधून 60 अँपिअरचा अल्टरनेटर चालवणं हा तसाही आगीला आवतण देण्याचा प्रकार.

हार्नेसच्या टोकाचा कपलर (पिना भरलेला प्लास्टिकचा जोड) फायरवॉलच्या भोकातून जात नाही, आणि इथेच लोक कटर काढतात. कापू नका. बारीक सळईने पिनेची जीभ दाबा, पीन मागून ओढून घ्या, प्रत्येक वायरीला नंबराची टेप लावा, वायरी भोकातून ओवा आणि पलीकडे पिना पुन्हा भरा. वेळखाऊ काम आहे, मान आणि पाठ दोन्ही जातात, पण कापून केलेले वीस जोड फायरवॉलच्या आड ठेवण्यापेक्षा परवडलं. भोकाची कड कानशीने घासून रबरी ग्रोमेट (वायर कापू नये म्हणून कडेला बसणारी कडी) बसवा. जोड करावाच लागला तर योग्य पक्कडीने क्रिम्प करा, म्हणजे धातूची टोपी वायरीवर दाबून बसवा. नुसत्या सोल्डरची वायर हादऱ्यांनी सोल्डर संपतो तिथेच तुटते.

इंजिनकडे अर्थिंगची पट्टी विसरू नका: इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते केबिन. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. चार्जिंगचा दिवा एलईडी करू नका. बऱ्याच अल्टरनेटरना त्या बल्बमधून येणारा करंट लागतो, नाहीतर ते चार्जिंग सुरूच करत नाहीत.

चेसिसवरून मागे जाताना टेललाइटला अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढा. गंजलेल्या बोल्टच्या भरवशावर दिवे मिणमिणतात.

बॅटरी जोडताना निगेटिव्हला आधी सिरीजमध्ये 21 वॉटचा बल्ब लावा. 24 व्होल्टच्या गाडीला 24 व्होल्टचाच. सगळी बटणं बंद असताना तो पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही पेटलेलाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा. बल्ब विझला तर दोष हार्नेसचा नाही, अल्टरनेटरच्या डायोडचा आहे.