थांबलेल्या मिनिटांचा हिशेब

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर एका चौकाचं नावच मॅरेथॉन चौक आहे. पहाटे धावणाऱ्यांना नेमकं तिथंच थांबावं लागतं. कधी शाळेची बस, कधी दुधाचा टेम्पो, कधी उलट्या बाजूनं बिनधास्त येणारी रिक्षा. आणि थांबताना पायांच्या आधी हात हलतो. उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावर, टुक, धावण्याचं अंतर नि वेळ मोजणारं जीपीएस घड्याळ बंद. टेम्पो गेला की पुन्हा टुक. काहींना बटण दाबणं कमीपणाचं वाटतं, ते जागच्या जागी उड्या मारत राहतात. त्याचा उपयोग शून्य. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचा संदेश सोडत असतात. खाली कोण उड्या मारतंय याची त्यांना गंधवार्ताही नसते. कुठला संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून मनगटावरचं घड्याळच आपली जागा शोधतं, आणि जागा तर तीच असते.

तशी ती अगदी तीच असते असंही नाही. घड्याळ चालू ठेवून कॉलेज रोडच्या एखाद्या उंच इमारतीखाली गप्पा मारत उभं राहा आणि घरी जाऊन नकाशा मोठा करून बघा. संदेश भिंतीवर आपटून वळसा घेत पोचतो, घड्याळाची गफलत होते आणि आपण चार पावलं इकडे, सहा पावलं तिकडे सरकल्याची नोंद होते. लहान मुलानं पेन्सिलीनं गिरगिटावं तसं तिथं दिसतं. ते मीटरही बेरजेत धरले जातात. म्हणजे गप्पा संपेपर्यंत माणूस कागदोपत्री थोडा धावलेला असतो.

यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे ऑटो पॉज. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की घड्याळ आपलं आपण थांबतं. सपाट रस्त्यावर हे बरं चालतं. पण पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना याची खरी मजा येते. छाती फुटायची वेळ आलेली, नाडी आभाळाला भिडलेली, गुडघ्यांवर हात टेकवत टेकवत आपण वर निघालोय, आणि मनगट थरथरून सांगतं की तुम्ही थांबला आहात. कारण नकाशावर आपण जेमतेम सरकत असतो, चढ त्याच्या त्या हिशेबात धरलेलाच नसतो. दिवसभरातली सगळ्यात कष्टाची मिनिटं विश्रांतीच्या खात्यावर जमा. मी ऑटो पॉज बंद करून टाकलाय, आणि ज्याला चढावर जायचं असेल त्यानं तो बंदच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा तंटा आहे तो दोन वेळांचा. एक, घड्याळ सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचा एकूण वेळ. दुसरा, त्यातले थांबे वगळून उरलेला धावता वेळ. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपवर दोन्ही दिसतात, पण लोक सांगताना दुसराच सांगतात. ‘दहा किलोमीटर, पंचावन्न मिनिटं!’ त्यात सोमेश्वरला प्यायलेलं पाणी नसतं, आनंदवल्लीला घातलेली बुटाची नाडी नसते, एका मित्राशी झालेली राजकारणाची चर्चा तर नसतेच नसते. आता मिनिटभर उभं राहिलं की नाडी खाली येते, दम परत येतो, पुढचा किलोमीटर फुकटात मिळाल्यासारखा जातो. सलग पाच किलोमीटर पळणं वेगळं आणि मध्ये उभं राहत एकेक किलोमीटर पाच वेळा पळणं वेगळं. इंटर्व्हलचा सराव याच फरकावर उभा असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, आणि त्यातल्या एकीतही पॉजचं बटण नव्हतं. मॅरेथॉनमध्येही सुरुवातीच्या पट्टीवर पाय पडला की चिपचं घड्याळ चालू, शेवटच्या पट्टीपर्यंत. मध्ये केळं खा, पाणी प्या, रांगेत उभे राहा, तुमचं तुम्ही बघा. स्ट्राव्हालाही हे कळतं. धावण्यापुढं ‘रेस’ अशी खूण केली की ते एकूण वेळच धरतं, आणि सेगमेंटवरही, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावरही, तोच.

घरी तर दुसरा वेळ कुणी विचारतच नाही. आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी मोठ्या उत्साहानं धावता वेळ सांगितला तेव्हा काकू म्हणाल्या, ‘सव्वापाचला गेलात, आता साडेसात झालेत.’ विषय संपला.

मात्र सगळे थांबे एका मापानं मोजणंही बरं नाही. वाहनासाठी थांबणं म्हणजे जीव वाचवणं, त्याची लाज कसली? कुत्री मागं लागल्यावर चालत जाणं हा शहाणपणा. काळ्या रामाच्या दिशेनं हात जोडायला तर थांबावंच लागत नाही, ते धावताधावता होतं. गप्पांचा थांबा मात्र स्वखुशीचा असतो, आणि बटणाआड लपवला जातो तो नेमका हाच.

वळशांचं दुखणं निराळं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाली तसा काल होता तो रस्ता आज पत्र्यांच्या आड गेलेला असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाट आपल्या वाटेतून गेलाच. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं शहर पुराचा अंदाज घेतं; तिथं माझ्या ठरलेल्या सात किलोमीटरची काय कथा! घड्याळात मार्ग भरून ठेवला असेल तर ते दर काही पावलांनी वाट सोडल्याची तक्रार करतं. करू द्यावी. उगाच तिथं घड्याळ थांबवून, पुलावरून चालत जाऊन, पलीकडे आठवण झाल्यावर सुरू करू नये. काकांनी तसं केलं आणि नकाशावर पंचवटीतून थेट नदी ओलांडणारी सरळ रेघ उमटली. पूर चालू असताना.

यावर मला पटलेली तोड म्हणजे लॅपचं, म्हणजे धावण्याची नोंद तुकड्यांत पाडणारं, बटण. थांबताना स्टॉप न दाबता लॅप दाबायचा, निघताना पुन्हा लॅप. घड्याळ चालूच राहतं, एकूण वेळ खरा राहतो, आणि घरी आल्यावर धावलेले तुकडे नि थांबलेले तुकडे वेगवेगळे दिसतात. वळशालाही हेच चालतं. परवाच्या यादीत एक लॅप असा होता: अंतर ०.०१ किलोमीटर, वेळ ४ मिनिटं १० सेकंद. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सात तास. या वेगानं त्र्यंबकेश्वर गाठायला न झोपता आठ दिवस लागले असते. त्या लॅपमध्ये काकांनी नातीच्या बारशाचं आमंत्रण दिलं, मांडे घरीच करणार असल्याचं सांगितलं, आणि रविवारी धावायला येऊ नकोस, सरळ जेवायलाच ये, असं बजावलं.