तुम्ही विचारलंत म्हणून: डाळिंब काढलं, आता काय लावू?

सांगोला, आटपाडी, जतकडून फोन आला की राम राम झाल्यावर पहिला प्रश्न हाच असतो: "डाळिंब काढून टाकलं, आता ड्रॅगन फ्रूट लावू का?" पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलंही वडिलांच्या रानासाठी हेच विचारतात. फोनवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

मी आधी उलट विचारतो: त्या पिकाला पाणी कोणत्या महिन्यात लागतं? किती लागतं ते सगळे विचारतात, कधी लागतं ते फार थोडे. आपला माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा, उत्तरा-हस्ताचा. दिवाळीला विहिरीत पाणी दिसतं, गुढीपाडव्यानंतर ती तळाला जाते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आता बऱ्याच गावांत पोचलंय, पण आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आपल्या पिकाच्या वेळेला मिळेलच असं धरून चालता येत नाही. ज्या पिकाची तहान एप्रिल-मे महिन्यात वाढते, ते इथं टँकरवर जगवावं लागतं. त्याचा हिशेब कुठल्याच भावात बसत नाही.

डाळिंबाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, ठिबक आलं, पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा वाण आला. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं स्लॅबची घरं झाली, पोरी शिकल्या, ऊसतोडीला जाणारी माणसं स्वतःच्या बागेत राबू लागली. मग घोडं अडलं कुठं? बहार धरणं म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि हव्या हंगामात फुलं आणायची. मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा, धरला की पावसाळी दमट हवेत तेल्या हा फळावर डाग पाडणारा रोग पसरतो. त्याला टाळायला आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला, धरला तर फळ पोसायची वेळ नेमकी उन्हाळ्यात येते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार बरा, पण परतीचा पाऊस लांबला की झाडाला ताणच बसत नाही. त्यात मर रोग आला आणि अलीकडच्या वर्षांत पिन होल बोरर या किडीनं खोडं पोखरली. बांधाला बांध लागून तेच झाड, त्यामुळे रोगाला कुठं थांबायची गरजच पडली नाही. माझ्या मते खरं नुकसान या सलगपणानं केलं. आता त्याच रानात सलग ड्रॅगन फ्रूट उभं करायचं म्हणजे तीच वाट पुन्हा धरणं.

ड्रॅगन फ्रूट मला आवडतं. ते निवडुंगाच्या कुळातलं, दिवसाऐवजी रात्री रंध्रं उघडून हवा घेणारं, म्हणून थोड्या पाण्यात तगतं. फुलं-फळं जूनपासून पावसाळाभर येतात, म्हणजे महिन्याचं गणित आपल्याकडे जमतं. पण सिमेंटचे खांब, वरच्या रिंगा, रोपं हा सगळा खर्च पहिल्याच वर्षी एकदम करावा लागतो. चाळीसच्या वर पारा गेला की फांद्या उन्हानं पिवळ्या पडून भाजतात, सावली करावी लागते. शिवाय सगळ्यांचा माल एकाच हंगामात बाजारात येतो. रोपं विकणारा पहिल्या वर्षांचा भाव सांगेल, तुम्ही तो धरू नका.

ज्यांची विहीर उन्हाळ्यात आटते त्यांना मी सीताफळ आणि बोर सांगतो. दोन्ही उन्हाळ्यात विश्रांती घेतात. सीताफळ पानं गाळून उभं राहतं, पावसाबरोबर पालवी आणि फुलं येतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला फळ निघतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे. अडचण एकच, पिकलेलं फळ दोन-चार दिवसांवर टिकत नाही. म्हणून लावण्याआधी बाजार किती लांब आहे आणि गर काढून गोठवणारं कुणी जवळ आहे का, हे बघा. बोराची छाटणी उन्हाळ्यात होते आणि फळ थंडीत येतं. त्याला भाव कमी मिळतो, मान्य, पण वाईट सालातही झाड मरत नाही.

आणि ज्वारी मोडू नका. नव्या पिकाच्या नादात पहिली तीच जाते. मालदांडीचं दाण्याचं उत्पन्न कमी वाटतं, पण कडबा कुणी हिशेबात धरत नाही. दुष्काळातल्या चारा छावण्यांची वर्षं आठवा. ज्याच्या दारात कडब्याची गंज होती, त्याची खिलार जनावरं दावणीला राहिली. बाकीच्यांना जनावरं मिळेल त्या भावात बाजारात न्यावी लागली.

तेव्हा लावा, पण आधी एक उन्हाळा विहिरीचं पाणी महिन्याच्या महिन्याला दोरीनं मोजून लिहून ठेवा. मेमधल्या आकड्यावर किती झाडं जगतील तेवढीच घ्या. ड्रॅगनची हौस असेल तर अर्ध्या एकरावर करा, हलक्या माळावर सीताफळ, बांधाला बोरं, आणि काळ्या रानात ज्वारी. वहीत मोजमाप झालं की मला फोन करा, पुढचं आपण बसून ठरवू.