आमची वाटचाल : चुन्याची फुली आणि आकाशातला कॅमेरा

2012 साली आम्ही दोघा भावांनी साताऱ्यात मोजणीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे हप्त्यांवर घेतलेले एक टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे दुर्बिणीचे यंत्र), त्याचा किरण परत पाठवणारे दोन प्रिझम आणि उंचीतला फरक मोजणारी एक डंपी लेव्हल एवढेच साहित्य होते. प्लॉट, रस्ते, शेततळी अशी कामे मिळत गेली. मात्र दगडखाणीची मोजणी आली की मनावर दडपण येई. पन्नास-साठ फूट खोल कड्याच्या अगदी काठावर प्रिझम धरून आमचा मदतनीस उभा राहत असे आणि त्याच्या पायाखालचा मुरूम सुटताना मी दुर्बिणीतून पाहिला आहे. ड्रोनचा विचार आमच्या डोक्यात त्या दिवशी आला.

विचार आणि उड्डाण यांच्यामध्ये मात्र बरीच वर्षे गेली. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी ड्रोनवर निर्बंध आले, 1 डिसेंबर 2018 पासून पहिली नियमावली लागू झाली, आणि फेब्रुवारी 2021 मधील भूस्थानिक माहितीविषयीची (नकाशे व मोजणीची) मार्गदर्शक तत्त्वे व 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम आल्यावरच आमच्यासारख्या छोट्या फर्मला हे काम रीतसर करणे आवाक्यात आले. तोवर विनापरवाना उडवणारे पुष्कळ होते. आम्ही थांबलो, याचे मला समाधान आहे. पुढे धाकट्या भावाने प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळवले आणि आम्ही काम सुरू केले.

शंभर मीटर उंचीवरून आमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवरचे सुमारे पावणेतीन सेंटीमीटर दाखवतो, आणि छायाचित्रे एकमेकांवर 75 ते 80 टक्के चढलेली असली की सॉफ्टवेअर त्यांतून उंचसखलपणा उभा करते. चित्र इतके देखणे येते की तेच अचूक आहे असा भ्रम होतो. वास्तविक अचूकता जमिनीवर ठरते. उड्डाणाआधी आम्ही चुन्याने फुल्या आखतो, प्रत्येक फुलीचा मध्य जीपीएसने मोजतो, आणि त्यांतल्या काही फुल्या हिशेबात न घेता केवळ पडताळणीसाठी बाजूला ठेवतो. खाणीचे स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) ब्रासवर, म्हणजे दर शंभर घनफुटांवर आकारले जाते. एक हेक्टर खाणीत उंची सरसकट दहा सेंटीमीटर चुकली, तर हजार घनमीटर, म्हणजे साडेतीनशेहून अधिक ब्रास, कोणाच्या तरी माथी उगाच पडतात. (2020 मध्ये सुरू झालेल्या, गावठाणांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या गेल्या, तेव्हापासून गावात आमच्या फुल्या कोणी पुसत नाही.)

हा धडा आम्हाला महागात शिकावा लागला. एका उपसा जलसिंचन योजनेच्या पाइपलाइनसाठी आम्ही दिलेल्या नकाशातील उंची, त्याच योजनेच्या जुन्या लेव्हलिंगपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी भरत होती. जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नव्हे, आणि आपल्या भागात या दोहोंत एवढा फरक पडतो, हे आम्ही रूपांतर करताना विसरलो होतो. ज्येष्ठ अभियंता असलेल्या अण्णांनी आवाज न चढवता विचारले, "बेंचमार्कला हात लावून आलात का रे?" बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठरवलेली पक्की खूण. आम्ही तिथे गेलो नव्हतो. पुढचे चार दिवस डंपी लेव्हल घेऊन बेंचमार्कपासून पाइपलाइनपर्यंत लेव्हल आणली आणि त्याचे बिल लावले नाही. तेव्हापासून पडताळणीच्या फुल्यांचा तक्ता जोडल्याशिवाय आमचा एकही नकाशा कार्यालयाबाहेर जात नाही.

काही कामांना आम्ही स्पष्ट नकारही देतो. उभ्या उसात कॅमेऱ्याला पानांचे शेंडे दिसतात, माती दिसत नाही. म्हणून शेताच्या समपातळी रेषा हव्या असतील, तर ऊस तुटेपर्यंत थांबा, असे शेतकऱ्याला सांगतो. उसाच्या वाढीतला फरक पाहायचा असेल, तर मात्र तेच शेंडे उपयोगी पडतात, कारण निरोगी पान जवळचा अवरक्त प्रकाश जास्त परावर्तित करते. त्यासाठीचा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा सध्या आम्ही भाड्याने आणतो.

या मे महिन्यात कोरड्या पडलेल्या पाझर तलावांतील गाळाची मोजणी हाती आहे. पाण्याची हलती पातळी छायाचित्रांत जुळत नाही, त्यामुळे तळ उघडा पडल्यावर, वारा सुटण्याआधी पहाटेच फुल्या आखून आम्ही ड्रोनची वाट मोकळी करतो.