माझा अनुभव: ‘खुब’ निरर्थक नव्हतं

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी मी रत्नागिरीत स्मरणाचा प्रयोग घेतला. अभ्युपगम, म्हणजे तपासून पाहायचा अंदाज, साधा: निरर्थक तुकड्यांपेक्षा अर्थपूर्ण शब्द जास्त आठवतात. आपण बदलतो तो शब्दांचा प्रकार, तो स्वतंत्र परिवर्त्य (परिवर्त्य म्हणजे बदलू शकणारा घटक). मोजतो ती बरोबर लिहिलेल्यांची संख्या, ती परतंत्र परिवर्त्य. व्याख्या लगेच पाठ होतात. खरी कसोटी यादी करताना लागते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्मरणाचे स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन असे तुकडे घेतले होते, कारण ओळखीच्या शब्दाला जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात. मी तसेच दहा तुकडे देवनागरीत केले. सरावचाचणीत ‘खुब’ जवळजवळ सगळ्यांनी लिहिला. किनाऱ्यावरच्या पोराला ‘खुब’ म्हटलं की खुबेच, म्हणजे खायचे शिंपले, आठवणार! ‘कुर’मागे कुर्ली, म्हणजे खेकडा, आली. दोन्ही काढले. यादी आधी चार-पाच स्थानिक मुलांना दाखवावी आणि ‘यावरून काय आठवतं?’ असं विचारावं. दोघांचं उत्तर एकच आलं तर तो तुकडा बाद.

अर्थपूर्ण यादीत मी होडी, जाळं, शीड, वल्हं घातले होते. त्यातला एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात, मग अर्थाचा परिणाम मोजला की गटाचा, हे सांगता येत नाही. शेवटी मीठ, काच, दोर, पूल असे एकमेकांशी संबंध नसलेले आणि तुकड्यांइतकेच लांब शब्द घेतले.

प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते, 20, हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. हात वर करणारे पहिले वीस घेतले तर पुढच्या बाकावरची उत्साही मंडळीच येतात. प्रत्येकाला दोन्ही याद्या दिल्या, मध्ये 5 मिनिटं विश्रांती. पण निम्म्यांना अर्थपूर्ण यादी आधी, निम्म्यांना निरर्थक. क्रम सगळ्यांना सारखाच ठेवला तर दुसऱ्या यादीला सरावाचा फायदा मिळतो किंवा कंटाळ्याचा फटका बसतो.

सुरुवातीला मी शब्द वाचून दाखवत होतो. जुलै महिना, डोक्यावर पत्रा. सर आली की मागच्या बाकावर ‘मीठ’चं ‘पीठ’ होई. बाह्य परिवर्त्य म्हणतात ती हीच. पाऊस एकाच यादीच्या वेळी कोसळला तर तो थेट निष्कर्षात शिरतो. म्हणून जाड मार्करने कार्डं लिहिली, प्रत्येक कार्ड 2 सेकंद दाखवलं. शेवटच्या कार्डानंतर 30 सेकंद 100 मधून तीन-तीन वजा करायला लावलं, मग लिहायला 1 मिनिट. हे वजाबाकीचं काम वगळलं तर शेवटचे दोन-तीन शब्द मनात तसेच घोळत असतात आणि तेच आधी उतरतात.

‘काच’ऐवजी लिहिलेल्या ‘कांच’ला गुण द्यायचा की नाही, हे उत्तरं बघण्याआधी ठरवा. मी दिला, शब्दांचा क्रम धरला नाही.

शेवटी प्रत्येकाचं अंतर्निरीक्षण, म्हणजे आठवताना मनात काय चाललं होतं ते, त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. एकाने ‘लुठ’ म्हणजे ‘लुटलेला साठा’ अशी खूण बांधली होती. माझ्या तक्त्यात तो तुकडा अजूनही निरर्थकच्या रकान्यात आहे.